आठ वाजेपर्यंत

चपलेत खडा गेला होता म्हणून भिंतीला हात टेकून मी एका पायावर उभी राहिले, तेवढ्यात मनगटाला काहीतरी गार लागलं. पाहिलं तर बाहीवर पिवळा रंग. भिंतीवर त्याच रंगात छातीइतक्या उंचीवर सत्तावीस हा आकडा, भोवती गोल, आणि माझ्या हातानं त्यातला सात फिसकटलेला. रंग ओला होता, म्हणजे माणसं लांब गेली नसणार. वरच्या अंगाला दोघं पुढच्या भिंतीशी वाकले होते, एकाच्या हातात डबा, दुसऱ्याच्या हातात मापाची फीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. भिंत ताईंच्या घराची होती. ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. चढाच्या पायथ्याशी कोपऱ्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत त्या एकट्या. हा आकडा मला नवा नव्हता. महिन्यापूर्वी मी तो नकाशाच्या चौथ्या पानावर पाहिला होता, मुंगीएवढ्या अक्षरात, तिरक्या रेघांनी भरलेल्या चौकोनात. तिरक्या रेघा म्हणजे काय ते खाली कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं. पण कागदावरचा आकडा असा गार लागत नाही.

आमच्या शहरातली ट्राम नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. पुलापलीकडचा हा सगळा चढ, त्याच्यावरची हजारभर घरं, दोन शाळा, धुलाईचा कारखाना, ह्यांना शहराशी बांधणारी गोष्ट एकच, अकरा नंबरची बस. ती अरुंद पुलावर अडकली की अडकली. म्हणून रूळ पुलावरून चढाच्या माथ्यापर्यंत न्या, अशी आमची मागणी. समितीला सहा वर्षं झाली. मी त्यात दोन वर्षांपूर्वी आले, हे गेल्यानंतर. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मनाशी नेम केला होता की रूळ माथ्याला लागेपर्यंत रोज दहा दारं करायची आणि साखर खायची नाही. दहा दारं म्हणजे दहा वेळा कडी वाजवायची, कुणी ओरडलं तरी नमस्कार करायचा, आणि नकाशाचं पहिलं पान उघडून दाखवायचं. पहिल्या पानावर शहर निळं आहे, जुनी ट्राम काळी, आणि आपला नवा फाटा लाल, एखाद्या मुलीच्या वेणीतल्या फितीसारखा वर वळत गेलेला. लोक त्या लाल रेघेवर बोट ठेवून आपलं घर शोधतात. सापडलं की हसतात आणि सही करतात. चौथं पान आम्ही बरोबर नेत नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, समितीचे मास्तर एकदा एवढंच म्हणाले होते की पिशवी जड होते.

ताईंचं दार उघडंच होतं. कोटाचं अस्तर यंत्राखाली घालून त्या पाय मारत होत्या. डाव्या गुडघ्यानं काम सोडल्यापासून सगळा भार उजव्या पायावर, त्यामुळे यंत्राचा आवाज लंगडा येतो. वर न बघता त्या म्हणाल्या, "ये, मौनीबाई. आज अकरा वाजता आलीस ते बरं, बोलशील तरी."

मी बसले.

"बाहेर कोण गं खरवडत होतं मघाशी? विचारलं तर म्हणे ट्रामचं माप घेतोय. दोघांना पाणी दिलं. म्हटलं नीट मापा रे, माझी भावजयच आहे त्या समितीत, तिला सांगेन."

"मग?"

"मग काय, एकमेकांकडे बघून हसले मेले. त्यात हसण्यासारखं काय होतं?" त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ते बाहीला काय? रंग? अगं वाळला की जन्मात निघायचा नाही. इकडे आण."

त्यांनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि माझा हात मांडीवर घेऊन बाही घासायला लागल्या. त्यांची बोटं सुयांनी खरखरीत झालेली, पण घासताना खालच्या कातडीला धक्का लागू देत नव्हत्या. कुठं लागलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भिंतीला. कुठल्या? म्हटलं, इथल्याच, तुमच्या. आकडा घातलाय.

"घालणारच. घरांना आकडे नकोत? नाहीतर कंडक्टर काय ओरडणार, म्हातारीच्या घराशी उतरा म्हणून?" त्या स्वतःच हसल्या. "दारात थांबा झाला की मी पाटी लावणार आहे. 'उतरा, उसवलेलं शिवून न्या.' गाडी येईपर्यंत बटण लावून देईन एखाद्याचं. आणि हे बघ, ह्या यंत्राचं तोंड इकडे फिरवायचं, म्हणजे खिडकीतून मला येणारी-जाणारी गाडी दिसेल. माझ्या भावाला मिळाली नाही ती गाडी. मी तरी बघेन."

रॉकेलच्या वासानं माझं डोकं भरून आलं होतं. मी म्हणाले, ताई. त्या म्हणाल्या, बोल. मी म्हणाले, गुडघा कसा आहे. त्यांनी गुडघ्याला शिवी दिली आणि बाही उजेडाकडे धरून पाहिली. पिवळ्याचा नुसता ढग उरला होता.

हे असं होतं माझं. शब्द निघतो तेव्हा तो दुसराच असतो. एकतीस वर्षं मी रुग्णालयाच्या टेलिफोनवर बसले. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांचा फळा, आणि तोंडातून दिवसभर जोडते, थांबा, लाइन चालू आहे, जोडते. माझा आवाज मऊ आहे असं सगळे म्हणत. रडत असलेली माणसंसुद्धा माझ्याशी बोलताना आवाज खाली आणत. पण संध्याकाळी घरी आलं की वाटे, दिवसभर मी एक शब्द माझा बोललेली नाही, सगळे शब्द भोकांतून आले आणि भोकांतून गेले. तेव्हापासून सकाळचं मौन धरलं. उठल्यापासून आठ वाजेपर्यंत बोलायचं नाही. दिवा लावायचा, माळ ओढायची, घरातलं आवरायचं, पण ओठ उघडायचे नाहीत, खुणा लागतील तेवढ्याच. ह्यांना त्याची सवय झाली. पुढे पुढे तर आवडायलाही लागलं. म्हणत, आठपर्यंत माझं लग्न फार सुखाचं असतं. चौतीस वर्षांत मी ते मौन मोडलं नाही. तापात नाही, भांडणात नाही. देवाला दिलेली तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे धड राहिली होती.

ताई एक दिवस सकाळी साडेसातला माझ्याकडे आल्या होत्या. तीन आठवडे झाले त्याला. असला गुडघा घेऊन सगळा चढ चढून, दोन ठिकाणी दगडावर बसून. मी दिवा पुशीत होते. दारात उभ्या राहून त्यांनी आधी दम घेतला आणि मग म्हणाल्या, "कारखान्यातली एक बाई म्हणत होती, खालच्या वळणाला घरं पाडणार आहेत. गाडी वळायला जागा लागते म्हणे. माझं घर त्यात नाही ना गं?" माझ्या हातात फडकं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं. मी घड्याळाकडेच पाहिलं, त्यांच्याकडे नाही, हे मला नीट आठवतं. सात पस्तीस. त्यांनीही माझ्या नजरेमागून घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई, तुझं मौन. विसरलेच मी." मग खुर्चीत बसल्या, चेहरा एकदम सैल झाला, आणि म्हणाल्या, "मी पण काय वेडी. माझं घर जाणार असतं तर तू मौन मोडलं असतंस की." टेबलावर सह्यांचा कागद होता. त्यांनी चष्मा लावला, माझं पेन घेतलं, आणि आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सुटं सुटं, शाळेतल्यासारखं लिहिलं. बेचाळिसावी ओळ. मी फडकं दिव्यावरून फिरवत राहिले. दिवा केव्हाच लख्ख झाला होता.

आठ वाजले तेव्हा त्या तिथेच होत्या. मी चहा ठेवला. ओठ उघडायला आता कसलीच आडकाठी नव्हती. पहिला शब्द मी म्हणाले तो, "साखर एक की दोन?"

त्यांचा तो तर्क मला आजही ऐकू येतो. तू मौन मोडलं असतंस की. त्यांना काय ठाऊक. त्या गोष्टीचा साक्षीदार जगात कुणी नाही, मी सोडून. ह्यांना आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावं लागे, रक्त धुवायला, आठची वेळ. अकरा नंबरची पावणेसातची बस धरायची. ते खिडकीशी बसत, मी कडेला, माळ पदरात झाकून. पुलाच्या अलीकडे गाडी थांबली की ते विचारत, किती राहिले? मी राहिलेल्या थांब्यांइतकी बोटं दाखवी. तेवढीच आमची बोलणी. त्या दिवशी पुलावर एक मालगाडा आडवा झाला होता. त्यांनी विचारलं, मी सहा बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली आणि डोकं काचेला टेकवलं. मी डोळे मिटून माळ ओढत होते. गाडी हलली, थांबली, हलली. मधे केव्हातरी त्यांचा हात माझ्या हातावर आला होता आणि तो जड होत चालला होता. मला वाटलं, झोप लागली. माळ पुरी करून मी पाहिलं तेव्हा काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ नव्हती. बाकी सगळ्यांच्या काचांवर होती. घड्याळात सात बावन्न झाले होते. मला ओरडता आलं असतं. पुढे बसलेला माणूस नुसता खांद्याला हात लावला असता तरी वळला असता. मी ओरडले नाही. आठ मिनिटं मी त्यांचा हात धरून बसले आणि आठ वाजल्यावर कंडक्टरला हळूच म्हणाले, जरा गाडी थांबवता का. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. किती शांत बाई, म्हणाले. ताईसुद्धा म्हणाल्या. मी कुणालाच सांगितलं नाही की त्या आठ मिनिटांत माझ्या मनात शोक नव्हता. नेम मोडेल ही भीती होती. आणि त्याहून खोल, कुठेतरी, एक सुटका होती की आठपर्यंत मला काहीच करायचं नाही.

म्हणून ताईंनी खुर्चीत सैल बसून ते वाक्य म्हटलं, तेव्हा ते खोटं आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं.

"जेवून जा," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, समितीत जायचंय, आज शेवटचा दिवस. कसला शेवटचा, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कागद द्यायचा. ते खरंच होतं. सह्या आज पाच वाजेपर्यंत द्यायच्या होत्या. हरकतीही आज पाच वाजेपर्यंतच घेणार होते, घरमालकानं स्वतः नगरकचेरीत येऊन, स्वतःच्या सहीनं दिलेल्या. एका श्वासात सांगता येण्याजोगं होतं ते सगळं. मी अर्धा श्वास खर्च केला आणि उठले. बाहेर पडताना भिंतीला हात लागणार नाही अशी चालले.

समितीची खोली म्हणजे बंद पडलेल्या जोड्यांच्या दुकानाचा माळा. अजून चामड्याचा वास येतो. मास्तर एकटेच गठ्ठे बांधत बसले होते. ते शाळेत भूमिती शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून शहर त्यांना कोन आणि त्रिज्या असं दिसतं. ह्यांचे मित्र, म्हणून मला वहिनी म्हणतात. सह्या चार हजार एकशे बारा झाल्या होत्या. त्याला माझी वही जोडलेली होती. वही म्हणजे माझं समितीतलं दुसरं काम. सव्वा वर्ष मी अकरा नंबरच्या बसमध्ये घड्याळ घेऊन बसत होते आणि प्रत्येक फेरीला किती मिनिटं लागली ते लिहीत होते. एकशे शहाण्णव फेऱ्या. मास्तर म्हणतात, सह्या कुणीही गोळा करेल, पण ही वही वाचल्यावर कचेरीतल्या साहेबालाही धाप लागेल.

"मास्तर, सत्तावीस नंबरला रंग लागला," मी म्हणाले.

त्यांनी सुतळीची गाठ मारून पुरी केली. "लागणारच. आज मोजणी होती."

"ताईंना माहीत नाही."

त्यांनी सुतळीचं उरलेलं टोक कापलं. मग चष्मा काढून म्हणाले, "मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल. घरचीच माणसं."

"मला वाटलं कचेरी कागद पाठवेल."

"कचेरीनं पाठवला असेल. मालक म्हणून अजून त्यांच्या वडिलांचं नाव आहे. तो कागद कुठल्या टेबलावर बसलाय देव जाणे." त्यांनी पेन्सिल घेतली आणि गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर वळण काढलं. "वहिनी, इथे त्रिज्या कमी करता येत नाही. मी तीन रात्री बसून पाहिलं. गाडी उलटेल. दोन घरं गेली तर एक हजार घरांना रूळ मिळतो. त्यांना दुसरीकडे खोल्या देणार आहेत."

"चौथ्या मजल्यावर."

"माणसं वर नेणारा विजेचा पाळणा आहे तिथे."

"तुम्ही पाहिलाय?"

"कागदावर आहे," ते म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सव्वीस नंबरवाल्यानं लेखी संमती दिलीय. आता मालकाची एक हरकत आली की फाइल आखणीवाल्यांकडे परत जाते. मागच्या वेळी गेली होती ती आठ वर्षांनी आली. मी तेव्हा नसेन. तुम्हाला अडवत नाही मी. तुमची नणंद आहे. फक्त विचार करा, की पाचच्या आधी सांगण्यात आणि पाचनंतर सांगण्यात त्यांच्या दुःखात काय फरक पडणार आहे."

वाईट माणूस नाहीत ते. त्यांच्या पत्नीला डोळ्यांनी दिसत नाही, तिला ते रोज हात धरून पुलापर्यंत चालवत नेतात, कारण बसमध्ये तिला लोक ढकलतात. मी म्हणाले, ताईंच्या सहीचा कागद बघू. त्यांनी मुकाट्यानं गठ्ठा सोडून तो काढून दिला. बेचाळिसावी ओळ. माझ्या हातात ती ओळ खोडायला पेन होतं. मी कागद परत दिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुतळी बांधायला घेतली. साडेबारा झाले होते.

साडेबाराला निघून, एकदा घरी जाऊन आले असते तरी ताईंना घेऊन कचेरीसाठी दोनची बस मिळाली असती. मी घरी गेले. दिव्यापुढे बसले. दुपारी मी एरवी बसत नाही, तेव्हा देवालाही ते चमत्कारिक वाटलं असेल. माळ हातात घेतली, पण मणी पुढे जाईना. मी देवाला विचारत होते की सांगू का, आणि विचारताना कान मात्र रस्त्याकडे होता. मला ताईंची पुढची खोली दिसत होती, यंत्राचं तोंड खिडकीकडे फिरवलेलं. मग चौथा मजला. पाळणा बंद. जिन्यात बसून दम घेणाऱ्या ताई, आणि कोटाला अस्तर लावायला तेवढा जिना कोण चढून येणार. मग मला पूल दिसला, आडवा झालेला मालगाडा आणि वाफ नसलेली काच. त्या काचेसाठी मी दोन वर्षं दारं वाजवली होती. सहा हजारांवर दारं, त्यातली कितीतरी पुन्हा पुन्हा. ती सगळी एका बाजूला आणि दोन खोल्या एका बाजूला. मी म्हटलं, हे असते तर काय म्हणाले असते, आणि मला ऐकू आलं नाही. त्यांचा आवाज कसा होता तेच आठवेना. किती राहिले, एवढाच आठवला. दोनची बस खाली गेली. तिचा उताराला एक घरघराट असतो, वही घेऊन बसून बसून मला तो झोपेतही ओळखू येतो. मी म्हटलं, आता उठते. मणी एक पुढे गेला. दोन चाळीसची गेली. मग मी काही म्हटलं नाही. तीन चाळीसची खाली उतरून वळणावरून पुढे गेल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला, अगदी दूर पुलाकडे विरेपर्यंत. आणि तो विरल्यावर छातीतलं काहीतरी मोकळं झालं. पाय हलके झाले. मी उठले, चपला घातल्या, आणि चढ उतरून भराभर, जवळजवळ धावत, ताईंकडे गेले.

पाच मिनिटांत मी त्यांना सगळं सांगितलं. शब्द अडले नाहीत. चौथं पान, तिरक्या रेघा, सत्तावीस, हरकत, पाच वाजता. आधी माहीत होतं हेही सांगितलं. त्या चढ चढून आल्या होत्या त्या सकाळी साडेसातलाही माहीत होतं.

ताईंचा पाय यंत्रावर थांबला होता. त्यांनी अस्तरातून सुई काढली, दोरा तोडला, सुई गादीत खोचली. मग म्हणाल्या, "तेव्हा मौन होतं तुझं."

"आठनंतर नव्हतं."

"हो. आठनंतर नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या मला हवं होतं ते बोलतील, जन्मभर पुरेल असं काहीतरी. पण त्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या. "पाच म्हणालीस ना? मग बसलीस काय? बस कितीला?"

"चार वीसला."

"टॅक्सी?"

"चढावर येत नाहीत, ताई."

त्यांनी कपाटातून घराचे कागद काढले, वडिलांच्या नावाचे, तेलकट पिशवीत गुंडाळलेले. बाहेर जायची शाल घेतली. केस विंचरले. मी म्हटलं राहू दे, तर म्हणाल्या, कचेरीत भिकाऱ्यासारखं जायचं नाही. दाराला कुलूप लावताना त्यांनी भिंतीवरचा आकडा पाहिला, पहिल्यांदा. माझा खांदा धरून थांब्यापर्यंत आल्या. त्यांचा सगळा भार माझ्यावर होता आणि मला तो कमी वाटत होता.

बस चार तेवीसला आली. शेवटच्या बाकावर आम्हाला जागा मिळाली. समोर टोपली घेऊन बसलेल्या बाईनं सरकून ताईंचा पाय लांब करायला जागा दिली आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. "कचेरीत," ताई म्हणाल्या. "घर पाडतायत माझं. हरकत घ्यायची. ही माझी भावजय, हिनं सांगितलं म्हणून कळलं. त्यांच्याच समितीची आहे, तरी सांगितलं. आजकाल कोण सांगतं?" बाईनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

एकशे शहाण्णव फेऱ्या. त्यांत चार वीसची मी एकोणीस वेळा केली होती. कारखान्याची पाळी चार वाजता सुटते, त्यामुळे पुलावर ह्या वेळी सगळ्यात जास्त कोंडी. वळणाच्या थांब्यापासून कचेरीच्या चौकापर्यंत सगळ्यात लवकर लागलेली वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं, तीही एकदाच, पोरांना शाळेची सुट्टी होती तेव्हा. एरवी तासाच्या आत बाहेर नाही. हे मी माझ्या हातानं लिहिलेलं होतं, आणि आता ते सुतळीनं बांधून मास्तरांनी दुपारीच कचेरीत दिलंही असेल. तीन चाळीसची असती तर पोचलो असतो. हे मला तीन चाळीसला माहीत होतं.

पुलाच्या अलीकडे गाडी उभी राहिली. पुढे गाड्यांच्या पाठी, त्यांच्यापुढे आणखी पाठी. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खाली नदी मळकट, हलत नसल्यासारखी. ताई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या, तिच्यावर दोन्ही हातांची घडी, एखादं मूल झोपलं असावं तशी. त्यांच्या ओठांवर बारीक घाम होता. चार एकोणपन्नास झाले. कुणीतरी मागून भोंगा वाजवला, मग सगळ्यांनीच वाजवला, मग सगळे दमले.

"तिथं गेल्यावर तू बोल हं," ताई म्हणाल्या. "मी बोलले की भांडल्यासारखं वाटतं. तुझं ऐकतात लोक."

मी मान हलवली.

त्या काचेतून पुढे बघायचा प्रयत्न करत होत्या, पण समोरच्या ट्रकशिवाय काही दिसत नव्हतं. मग माझ्याकडे वळल्या. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. डोळ्यांत रागाचा मागमूसही नव्हता. नुसती एक विचारणा होती, ज्या माणसाला वेळा पाठ आहेत त्याला विचारावी तशी.

"पोचू ना गं आपण?"

गाडीत सगळे गप्प होते. माझ्यावर आता कसलाही नेम नव्हता.

"पोचू, ताई," मी म्हणाले, माझ्या नेहमीच्या मऊ आवाजात, आणि त्यांनी हुश्श करून पाठ बाकाला टेकली.